सहकुटुंब, सहपरिवार, सशस्त्र

एखादी गोष्ट सहकुटुंब बघण्याजोगी आहे का, हे ठरवायची मराठी घरातली कसोटी सोपी आहे. आजी खोलीत आल्यावर कुणाचा हात रिमोटकडे गेला, की ती गोष्ट बाद. सिनेमासाठी निदान सेन्सॉर बोर्ड तरी आहे. हल्ली त्याने ‘यूए’चेही ७, १३ आणि १६ असे तीन मजले चढवलेत. व्हिडिओ गेमला आपल्याकडे असा कुणी वाली नाही. परदेशातून खोक्यावर जे अक्षर छापून येईल, ते प्रमाण.

असंच एक खोकं आमच्या ताईच्या घरी आलं. आमच्या आतेभावाने अमेरिकेहून येताना ताईच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांसाठी स्वतःचा जुना प्लेस्टेशन टू आणला आणि सोबत २००२ सालचा ‘रॅचेट अँड क्लँक’ हा गेम. खोक्यावर अक्षर ‘टी’, म्हणजे १३ वर्षांवरच्यांसाठी. ताईने खोकं कपाटात टाकलं. चिरंजीवांनी अर्ध्या तासात अपील दाखल केलं: याच गेमची २०१६ मध्ये नवी आवृत्ती निघाली, तिच्यावर ‘१० वर्षांवरच्यांसाठी’ असं लिहिलंय!

“मग मधली तीन वर्षं गेली कुठे?” भाऊजींनी विचारलं. हिशेबात तफावत त्यांना खपत नाही.

घरात समिती बसली. ताई अध्यक्ष, भाऊजी खजिनदार, भाऊजींच्या आई म्हणजे माई ज्येष्ठ सदस्य. तज्ज्ञ म्हणून मी, कारण मी पेपरात लिहितो, म्हणजे मला वेळ असतो.

तज्ज्ञाने खुलासा केला. अमेरिकेत १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधली रक्ताची कारंजी बघून सिनेटर मंडळी खवळली. सरकारने कायदा करण्याआधी आपणच शहाणं व्हावं, म्हणून गेमवाल्यांनी १९९४ मध्ये ‘ईएसआरबी’ नावाचं स्वतःचं मंडळ काढलं. त्या मंडळाकडे सुरुवातीला ‘सगळ्यांसाठी’ आणि ‘१३ च्या पुढे’ यांच्यामध्ये खणच नव्हता. ‘१० च्या पुढे’ हा खण २००५ मध्ये निघाला.

“पण ते तपासतात कसं? पूर्ण गेम खेळून?” ताईने विचारलं.

“छे! खोक्यातल्या गेमसाठी कंपनी एक प्रश्नावली भरते आणि आपल्या गेममधल्या सगळ्यात आक्षेपार्ह जागा निवडून त्यांचा व्हिडिओ पाठवते. तो तिघं तरी परीक्षक बघतात.”

“म्हणजे आपले अवगुण आपणच लिहून द्यायचे,” भाऊजी खुलले. “आपल्या इन्कम टॅक्ससारखं!”

मग प्रत्यक्ष पाहणी. भाच्याने गेम लावला. रॅचेट हा कानाने ससा आणि शेपटीने मांजर वाटणारा मेकॅनिक. क्लँक हा कारखान्यातून चुकून बुटका निघालेला, पण डोक्याने तल्लख यंत्रमानव. रॅचेटच्या हातात भलामोठा पाना. पान्याने खोकी फोडायची, यंत्रं फोडायची, की बोल्ट बाहेर पडतात. बोल्ट हेच तिथलं चलन. ते वेचायचे आणि शस्त्रं घ्यायची. एक शस्त्र बारक्या शत्रूंना नळीत ओढून घेतं आणि मोठ्या शत्रूंवर झाडतं. दुसरं समोरच्याची कोंबडी करतं.

“मारत नाही ना तिला?” माईंनी विचारलं.

“नाही आजी, ती नुसती फिरते.”

“मग काही हरकत नाही. आपल्याकडे शाप देऊन शिळा करायचे, हे तर बरंच सौम्य आहे.” हिंसाचाराचा मुद्दा अशा रीतीने पुराणांच्या आधारे निकाली निघाला.

ताईला भाषेची काळजी. या गेममध्ये तिला फारसं काही सापडलं नाही, पण पुढच्या भागांची नावं तिने वाचली: ‘गोइंग कमांडो’, ‘अप युअर आर्सेनल’, ‘साइझ मॅटर्स’. ताई गप्प. भाऊजी पंख्याकडे बघू लागले. दादा कोंडक्यांनी उभा जन्म सेन्सॉरशी भांडून जे मिळवलं, ते कॅलिफोर्नियातल्या या मंडळींनी मुलांच्या खोक्यावर ठळक अक्षरात छापून विकलं. चिरंजीवांना त्यातला एकच अर्थ कळतो. दुसरा ज्यांना कळतो, ते सांगायला तयार नाहीत. त्यामुळे आक्षेप नोंदवायचा कसा, हेच ठरेना.

आर्थिक बाजू भाऊजींकडे. सगळ्यात महागडं शस्त्र आहे ‘रायनो’. किंमत दीड लाख बोल्ट. ते दुकानात मिळत नाही, एक संशयास्पद इसम चोरून विकतो. भाचा बाकी खर्च टाळून बोल्ट साठवायचा म्हणतो, हे ऐकून ताईला भरून आलं. हा मुलगा खाऊचे पैसे दुपारपर्यंत टिकवत नाही! बचत क्षेपणास्त्रांसाठी आहे, ही बाब तिने बाजूला ठेवली.

“बिल देतो का तो इसम?” भाऊजींनी विचारलं.

“नाही बाबा.”

“मग भाव कर. बिल नसेल तर कमी करतात.”

इथवर समितीचं काम सुरळीत चाललं होतं. मग आला खलनायक: चेअरमन ड्रेक. ठेंगू, सुटाबुटातला. ड्रेक सांगतो की आमचा ग्रह प्रदूषणाने आणि गर्दीने राहण्यालायक उरलेला नाही, म्हणून मी इतरांच्या ग्रहांचे चांगले चांगले तुकडे कापून एक नवाकोरा ग्रह जोडतोय. ज्यांचे तुकडे कापले, त्यांच्या ग्रहांचं काय होईल, हा त्याच्या दृष्टीने तपशील.

भाऊजी सरसावून बसले. “लोकेशन कुठलं?”

“अहो, तो व्हिलन आहे,” ताई म्हणाली.

“ते झालंच गं. पण ग्रहाला महारेरा नंबर आहे का? आणि सांगतायत तो कारपेट की सुपर बिल्ट-अप?”

पुढे कॅप्टन क्वार्क येतो. हा आकाशगंगेतला सुपरस्टार. भरदार छाती, हिरवा पोशाख, स्वतःच्या नावाचा फिटनेस कोर्स. रॅचेट त्याच्यावर विश्वास टाकतो आणि थेट सापळ्यात पडतो. कारण क्वार्क ड्रेकच्या पगारावर असतो. नव्या ग्रहाची जाहिरात करायचं काम त्याला मिळालेलं असतं. यावर घरात कुणालाही धक्का बसला नाही. भाऊजींनी ज्या प्रकल्पात पैसे अडकवलेत, त्याच्या माहितीपत्रकावर एक क्रिकेटपटू बाल्कनीत चहा पीत उभा आहे. बाल्कनी अजून झालेली नाही. चहा मात्र गरम दिसतो.

समितीने मग मंडळाची यादी काढली. रक्त, शिवीगाळ, दारू, तंबाखू, जुगार, अंगप्रदर्शन, सगळ्याला इशारा आहे. दुसऱ्याची जमीन कापून टाउनशिप काढणं, याला इशारा नाही. पैसे घेऊन खोटी शिफारस करणं, याला नाही. रोज सकाळी पेपराच्या पहिल्या पानावर हे सहकुटुंब बघायला मिळतं आणि कुणाचाही हात रिमोटकडे जात नाही. उलट माई ते पान नीट घडी करून कपाटात अंथरतात. कागद चांगला असतो.

शेवटी ठराव झाला. गृहपाठ झाल्यावर एक तास परवानगी. कोंबड्या चालतील. पुढच्या भागांची नावं मोठ्याने वाचायची नाहीत. रायनो घेण्याआधी आईला विचारायचं. गुणांकन: १० वर्षांच्या पुढे, माईंच्या देखरेखीखाली.

सह्या होणार, तेवढ्यात भाच्याने गेमचा शेवट इंटरनेटवर बघून आणला. ड्रेकचा जुना ग्रह आपोआप खराब झालेलाच नसतो. त्याने तो मुद्दाम नासवलेला असतो, नव्या ग्रहावरच्या जागा विकता याव्यात म्हणून. आणि नवा भरला, की तोही नासवायचा आणि पुन्हा पुढचा बांधायचा, असा त्याचा बेत असतो.

“पण बाबा,” भाच्याने विचारलं, “त्याने जुना ग्रह कशाला घाण केला? नवा तसाच विकायचा ना!”

भाऊजींनी क्षणाचाही विलंब लावला नाही. “अरे, जुनं चांगलं असेल तर नवं घेईल कोण?”

समितीने ठरावात तिथल्या तिथे एक दुरुस्ती केली. गेम १० वर्षांच्या पुढे कायम. भाऊजी १८ च्या पुढे.