साम, दाम, दंड आणि पाना

शिडाच्या बोटीवर राहायला जाण्यापूर्वी माणसाने पोहायला शिकावं, असा एक गैरसमज आहे. पोहणं कधीमधी लागतं. कुशीवर पडून, डोकं पायांपेक्षा खाली ठेवून, न दिसणारा नट डाव्या हाताने चाचपणं मात्र रोज लागतं. तेव्हा सराव घरीच सुरू करावा. सिंकखालच्या कपाटात शिरावं, डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी नाकाजवळ ठेवावी आणि घरातल्या कुणालातरी बाहेरून दर मिनिटाला एक लाथ मारायला सांगावी. माणूस सहज मिळतो. अर्ध्या तासाने नळाची जोडणी उघडलेली असेल आणि तोंडातून एकही अपशब्द गेला नसेल, तर पुढचं वाचावं.

फ्लॅट भाड्याने देऊन तीस-पस्तीस फुटी बोटीवर संसार मांडणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. सूर्यास्त कसा बघावा, डॉल्फिन दिसल्यावर काय म्हणावं, हे विषय इतरांनी भरपूर हाताळले आहेत. इथे फक्त न चालणाऱ्या वस्तूंचा विचार केला आहे.

सुरुवात निदानाने करावी. केबिनच्या फळ्यांखाली पाणी दिसलं की धावत जाऊन पंप लावू नये. आधी ते चाखावं. खारट लागलं तर समुद्र आत येतोय. गोडं लागलं तर प्यायच्या पाण्याची टाकी गळतेय, म्हणजे बोट बुडणार नाही, फक्त तुम्ही तहानेने मराल, आणि त्याला वेळ लागतो. पाणी हिरवट दिसलं तर मात्र जिभेला लावू नये. ते इंजिनाचं कूलंट असतं, चवीला गोड आणि विषारी. खारट पाणीही दर वेळी वाईटच असतं असं नाही. प्रोपेलरचा दांडा बुडातून बाहेर पडतो तिथे जुन्या पद्धतीची दोरीची पॅकिंग असेल, तर दांडा फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब आत यायलाच हवेत. त्या थेंबांवरच ती थंड राहते. नवखा मालक थेंब बघून नट आवळतो. थेंब थांबतात, पॅकिंग तापून जळते, दांड्यावर चरे पडतात आणि मग थेंबांऐवजी धार लागते. मुरलेला मालक थेंब मोजतो आणि पाहुण्यांना सांगतो, "गळतंय ना? मग सगळं ठीक आहे." पाहुणे त्या रात्री झोपत नाहीत.

इंजिनाची बंद पडायची जागा ठरलेली असते: बंदराचं तोंड. डावीकडे खडक, उजवीकडे खडक, मागून मासेमारीचा ट्रॉलर. यात नशिबाचा काही संबंध नाही. टाकीच्या तळाशी पाणी साठतं, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात, आणि त्यांचा काळा चिखल महिनोन्‌महिने निवांत पडून असतो. बंदराच्या तोंडाशी पाणी उथळ होतं, लाटा उभ्या राहतात, टाकी घुसळून निघते, चिखल थेट फिल्टरमध्ये जातो. इंजिन दोन उसासे टाकतं आणि गप्प होतं. अशा वेळी इंजिनाकडे धावू नये. आधी शीड उभारावं किंवा नांगर सोडावा. यंत्रशास्त्र नंतर.

फिल्टर बदलताना लाइनमध्ये हवा शिरते आणि हवा शिरलेलं डिझेल इंजिन कुणाच्याही विनवणीला दाद देत नाही. ती काढण्यासाठी फिल्टरच्या डोक्यावरचा बारीक स्क्रू सैल करावा आणि लिफ्ट पंपाची चिमुकली कळ अंगठ्याने दाबत राहावं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, मग अंगठ्यात गोळा. ही कळ कुठे बसवायची हे ठरवणाऱ्या अभियंत्याला बहुधा चार वर्षांच्या मुलाएवढे हात असावेत.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. इंजिन लागत नसताना सेल मारत राहिलात, तर पंप समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये भरत जातो. ते बाहेर फेकायला लागणारा धूर नसतोच, त्यामुळे पाणी उलटं फिरून सिलिंडरमध्ये शिरू शकतं, आणि मग साध्या बिघाडाची मोठी शस्त्रक्रिया होते. म्हणून फार वेळ सेल मारायचा असेल तर समुद्राच्या पाण्याची तोटी बंद करावी आणि इंजिन लागताक्षणी उघडावी. उघडायची विसरलात तर रबरी इम्पेलर कोरडा फिरून पाती टाकतो आणि ती पाती पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन दडतात. सहा पात्यांपैकी चार सापडली की आनंद मानू नये. उरलेली दोन सापडेपर्यंत शोधावं.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे न निघणाऱ्या बोल्टकडे वळू. बोटीची डोलकाठी ॲल्युमिनियमची असते, तिच्यावरचे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आणि दोघांवर खारं पाणी उडत असतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये मीठपाणी म्हणजे बॅटरीच. ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत साचून फुगते आणि बोल्ट कायमचा घरजावई होतो. ब्रिटिश आरमाराने हा धडा फार पूर्वी घेतला. 1761 मध्ये 'अलार्म' या लाकडी युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारला. दोन वर्षांनी पाहतात तर लोखंडी खिळे खलास. जिथे तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये वेष्टनाचा कागद राहून गेला होता, तिथलेच खिळे धड होते. पुढे 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याऐवजी ते झिजू दिले. तांबं शाबूत राहिलं. इतकं शाबूत, की त्यातून झिरपणारं विष थांबलं आणि जहाजांच्या बुडांवर शिंपले-शेवाळ मजेत वाढू लागलं. आरमाराने उपाय मागे घेतला. बोटीवरच्या यशस्वी दुरुस्तीचं इतकं नमुनेदार उदाहरण दुसरं नाही. डेव्हीचा जस्ताचा तुकडा आजच्या बोटींच्या बुडाखाली मात्र टिकून आहे. निम्मा झिजला की बदलावा.

अडलेल्या बोल्टपायी साम, दाम, दंड, भेद हे चारही उपाय करावे लागतात, पण क्रम बदलावा लागतो. साम म्हणजे आट्यांत झिरपणारं तेल. ते संध्याकाळी लावावं आणि रात्रभर बोल्टचं नावही काढू नये. लावल्यावर पाच मिनिटांनी पाना घेऊन येणारा माणूस या कामाला नालायक. सकाळी बोल्टला आधी किंचित आवळून बघावं, मग सोडवावं. आपण त्याच्याच बाजूने आहोत असं त्याला क्षणभर वाटलं पाहिजे. त्यानेही जमलं नाही तर भेद. उष्णतेने ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दीडपट फुगतं, म्हणून भोवतालचा भाग तापवला की एवढी वर्षं गळ्यात गळा घालून बसलेल्या दोघांत फट पडते. दंड, म्हणजे हातोडी, त्यानंतर. बहुतेक पुरुष तिथूनच सुरुवात करतात आणि बोल्टचं डोकं तुटून दर्यात जाताना बघतात. पाना नीट बसलाय ना, हेही पाहावं. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यामुळे 13 चा पाना अर्ध्या इंची डोक्याच्या बोल्टवर आरामात चढतो आणि दुसऱ्या हिसक्याला त्याचं डोकं गोल करून ठेवतो. बोल्ट निघालाच तर पुन्हा बसवताना मध्ये गंजरोधक पेस्ट लावावी. त्या वेळी सगळे दमलेले असतात, म्हणून कुणी लावत नाही.

दाम हा उपाय वेगळा काढला, कारण तो बोल्टवर नाही, तुमच्यावर चालतो. इंग्रजी बोलणारे खलाशी हजार डॉलरना गमतीने 'बोट बक' म्हणतात. सुटा भाग साठ डॉलरचा असतो. बाकीचे पैसे तो कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटापर्यंत आणण्याचे. खोक्यावर ठळक अक्षरात 'यॉट इन ट्रान्झिट' लिहायला सांगावं, म्हणजे पुष्कळ ठिकाणी जकात माफ होते. मात्र माफीचा कागद मिळवायला कचेरीत जावं लागतं, आणि साहेब जेवायला गेलेले असतात. पाचव्या दिवशी खोकं उघडल्यावर जुन्या ब्रिटिश पर्किन्स इंजिनासाठी मागवलेल्या भागाचे आटे मिलिमीटरमध्ये निघाले तर खोकं फेकू नये. शेजारच्या नांगरावरच्या बोटीला नेमका तोच हवा असतो, आणि त्यांच्याकडे तुमचा असतो.

शौचालयाबद्दल थोडक्यात. समुद्राचं पाणी आणि लघवी यांच्या संयोगाने नळीत चुन्यासारखे दगडी थर जमतात आणि दीड इंची नळी पेन्सिलीएवढी उरते. व्हिनेगर ओतत राहावं. त्याने भागलं नाही तर नळी काढून धक्क्यावर नेऊन आपटावी. वाऱ्याची दिशा पाहून आपटावी. याहून जास्त तपशील छापण्याजोगे नाहीत.

बॅटरी कुणी धरायची, हा प्रश्न मात्र सविस्तर घ्यायला हवा. कारण इंजिनापेक्षा संसारच त्यावर जास्त वेळा बंद पडतो.

"अगं, खाली धर."

"खालीच धरलीय."

"मी बघतोय तिथे धर ना!"

"तू कुठे बघतोयस ते दिसायला तुझं डोकं आधी बाजूला घे."

डोक्याला बांधायचे दिवे दोन घ्यावेत. आणि निदान महिन्यातून एकदा भूमिका बदलाव्यात. पाना तिने घ्यावा, उजेड त्याने दाखवावा. बारीक हात लिफ्ट पंपापर्यंत पोचतात आणि काम निम्म्या वेळात होतं, हे ज्या बोटींवर मान्य झालंय त्या बोटी लांबवर गेल्या आहेत.

धीर सुटू लागला तर थोरामोठ्यांची आठवण काढावी. जोशुआ स्लोकम 1895 ते 1898 या काळात 'स्प्रे' बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्याचं डॉलरभर किमतीचं पत्र्याचं घड्याळ चालेना, तेव्हा त्याने ते उकळलं. मिनिटकाटा आधीच गेला होता. उकळल्यावर तासकाटा चालू लागला, आणि त्याला तेवढं पुरलं. माझ्या मते सागरी यंत्रशास्त्रातला हा सर्वोच्च क्षण आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये न थांबता जग फिरला ती 'सुहेली' मुंबईत बांधलेली सागवानी बोट. वाटेत त्याला चार्जरच्या मॅग्नेटोची फट मोजायची होती आणि फीलर गेज नव्हतं, तेव्हा त्याने पुस्तकाच्या पानांची जाडी वापरली. बोटीवर पुस्तकं हवीतच, ती यासाठी. गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा अधिकारी महिला 2017-18 मध्ये जगाला वळसा घालत होत्या, तेव्हा सुकाणू बिघडलं. त्या मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबल्या, ते नीट करून घेतलं आणि पुढे निघाल्या. लाथ मारल्याची नोंद नाही.

दुरुस्ती झाली की लगेच चहा टाकू नये. हत्यारं गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावून ठेवावीत. वापरलेला सुटा भाग त्याच दिवशी मागवावा, आणि दोन मागवावेत. एवढं करूनही बोट विकून टाकावीशी वाटलीच, तर गिऱ्हाइकाला इंजिन चालू असताना बोलवावं.