ओट्याचा रंग काळाच का?

एकेकाळी भात पिकायचा त्या डोलवीत आता पोलाद पिकतं, पण घरातल्या ओट्यावर राज्य अजून दगडाचंच. आत्याला एकदा म्हटलं, "पोलादाच्या गावात राहून ओटा स्टीलचा का नाही केलास?" ती म्हणाली, "अरे, तिथलं वेगळं. त्याला गंज चढतो." खरंच आहे. कारखान्यातून निघतात त्या साध्या पोलादाच्या गुंडाळ्या. न गंजणाऱ्या स्टीलमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असावं लागतं, आणि धरमतर खाडीच्या खाऱ्या वाऱ्यापुढे तेही कधीकधी हात टेकतं.

आत्याचा ओटा काळ्या कडप्प्याचा. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, आणि चुनखडीचं आंबटाशी जन्माचं वैर. आता खारेपाटात राहायचं, जिताड्याचं कालवण करायचं आणि आगळ सांडू द्यायचं नाही, हे कसं जमावं? सांडलेलं आगळ लगेच पुसलं तर ठीक; जेवणं होईपर्यंत राहिलं की फडक्याखाली पांढुरका, खरबरीत चट्टा लागतो. आत्या आधी त्याला घासणीने घासते, मग सोड्याने, आणि शेवटी "लिंबानं सगळं निघतं" म्हणत लिंबाची फोड फिरवते. लिंबाने निघतं खरं, पण दगडच निघतो! तो चट्टा म्हणजे वर बसलेला डाग नव्हेच. आंबटाने तिथलं पॉलिश खाल्लेलं असतं. मग आत्या बोटभर खोबरेल चोळते, चट्टा काळा होऊन गडप होतो आणि पुढच्या धुण्याला पुन्हा हजर होतो. माझं तर मत असं की कडप्प्यावर डाग पडत नाही असं जे म्हणतात, त्यांना तो दिसत नाही, एवढंच.

आत्याच्या सासूबाईंना ही विवंचनाच नव्हती. चुलीपुढे शेणाचं सारवण. काहीही सांडो, त्यावर नवा हात फिरवला की झालं.

आत्याच्या सुनेने पेणच्या फ्लॅटमध्ये पांढराशुभ्र क्वार्ट्झ बसवून घेतला. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा असतो, बाकी रेझिन. लिंबाला तो भीत नाही, आगळालाही नाही. आम्ही हळदीला विसरलो होतो. वरणाचा एक ओघळ रात्रभर राहिला आणि सकाळी पिवळी रेघ. सुनेने साबण लावला तर रेघ लालभडक झाली, ती घाबरलीच, म्हणाली, "आत्या, हे रक्त कुठून आलं?" सासूला ती आत्याच म्हणते, आमचं ऐकून. हळदीतला रंग क्षाराने लाल होतो. हळदीच्या साडीला साबण लावून पाहिलेल्या बायकांना हे शाळेत न जाताही ठाऊक असतं. हळदीला खरं औषध एकच, कडक ऊन. साडी दोन दिवस दोरीवर टाकली की रंग उडतो. पण ओटा काही वाळवणासारखा गच्चीवर नेता येत नाही.

ग्रॅनाइट घ्यायला हवा होता, असं आता सगळे म्हणतात. तो आंबटाला दाद देत नाही. फक्त सीलर उडालेला असेल तर तेलाच्या बाटलीखाली काळपट कडं धरतो, आणि काळा घेतला तर तेही कळत नाही. शेवटी गाडी काळ्यावरच येते.

सुनेने तूर्त तोडगा काढलाय. सगळ्या ओट्यावर वर्तमानपत्र अंथरायचं आणि त्यावर चिरायचं. पाहुणे आले की पेपर उचलायचा, गेले की पुन्हा अंथरायचा. परवा कागद ओला राहिला आणि पांढऱ्या दगडावर पाणीटंचाईची बातमी उलटी छापून आली. ती मात्र साबणाने गेली.