वेदगंगाकाठच्या केबलचोर मंडळींस

माननीय केबलचोर मंडळी,
वेदगंगेचे दोन्ही काठ, मुरगूड परिसर.



पत्रास कारण की, पुण्याचा आमचा भाचा गाडीच्या टपावर कयाक बांधून मुरगुडात आला आहे. ती चोरीला जाऊ नये म्हणून त्यानं केलेला बंदोबस्त आपल्या नजरेखालून जावा, एवढीच इच्छा. या विषयात आपल्याइतका अनुभवी सल्लागार पंचक्रोशीत दुसरा नाही.

कयाक म्हणजे एकट्यानं बसून वल्हवायची प्लास्टिकची लांबट होडी. तीन मीटर लांब, वजन पंचवीस किलोच्या आतबाहेर, रंग भडक नारिंगी. बंधाऱ्याला बरगे घातले की वेदगंगेचं पाणी मागं तुंबून संथ होतं, त्यात हा सकाळी फिरून येतो. उरलेला दिवस होडी टपावर आणि भाचा सोप्यात, टपाकडं बघत.

बंदोबस्त असा आहे. होडीवरून आडवे दोन पट्टे. साधा पट्टा होडी वाटेत पडू नये म्हणून असतो, चोरासाठी नव्हे. तो कापायला खुरपंही पुरतं. म्हणून यानं आणलेत ते आत पोलादी तार घातलेले, बकलाला किल्ली असलेले. होडीच्या बैठकीतून तळापर्यंत आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी खाली निचरावं म्हणून. त्यांतल्या एकातून जाड वायररोप ओवून तो टपावरच्या कॅरिअरच्या दांड्याला कुलूप लावून अडकवलाय. पुढच्या मुठीतून ओवायचा नाही म्हणे. मूठ दोन स्क्रूंवर बसवलेली असते. स्क्रू काढले की कुलूप मुठीपाशी राहतं आणि होडी आपल्यापाशी. मग कुणी कॅरिअरच सोडवून नेला तर? त्याच्या पायांनाही किल्लीची कुलुपं आहेत. होडीच्या मागच्या अंगाला कोरलेला नंबर वहीत उतरवलाय, चारी बाजूंनी फोटो काढलेत, आणि रात्री गाडी भिंतीला अशी चिकटवून लावतो की एका अंगानं हात घालायला जागाच राहू नये. पट्टे मात्र फार आवळत नाही, कारण उन्हात हे प्लास्टिक नरम पडतं आणि तळ दबतो. एवढं करूनही, इथल्या कुस्ती संकुलातल्या पोरींनी मनात आणलं तर त्या होडी गाडीसकट उचलतील. त्यांना सरावातून वेळ नाही, हे भाच्याचं नशीब.

आता खरं सांगा, आपल्यापैकी कुणी त्या होडीकडं मान वर करून तरी पाहिलं का? मला खात्री आहे, नाही. आपण धंद्यातली माणसं. नारिंगी होडी डोक्यावर घेऊन निपाणीच्या रस्त्याला लागलात तर दुसऱ्या फाट्यापर्यंत निम्मा तालुका हाक मारून विचारणार, काय ओ पाव्हणं, कुठं निघालाय? आणि नेऊन विकणार कुणाला? कोल्हापूर जिल्ह्यात पुराच्या पाण्यातून माणसं गुळाच्या काईलीत बसून पलीकडं गेली आहेत. काईल गोल गोल फिरते, पण बुडवत नाही, आणि पूर ओसरला की पुन्हा चुलवाणावर चढते. नारिंगी होडीत रस उकळत नाही. गिऱ्हाईक नाही त्या मालाला भाच्यानं लावलेली सगळी कुलुपं फुकट, असं माझं मत आहे. त्याला सांगितलं तर तो रागावतो.

माझी पाण्याची मोटर मात्र नदीकाठावर उघडी. पेटीला कुलूप आहे, पण पेटीतून मोटरीपर्यंत जाणारी केबल बांधावरून बेवारशी लोळत असते, कारण तिला दुसरी जागाच नाही. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हे वेळापत्रक माझ्या बायकोला पाठ नाही, आपल्याला आहे. लाईन बंद असते तेव्हाच आपण येता, म्हणजे शॉक लागायची भीती नाही. या शिस्तीचं कौतुक करावं तेवढं थोडं. केबल तोडायची, उसाच्या आडोशाला जाळून वरचं प्लास्टिक उतरवायचं, आत राहतं ते तांबं. तांब्यावर शेतकऱ्याचं नाव नसतं, नंबर कोरलेला नसतो, फोटो काढून ठेवावा तर सगळी तांब्याची तार सारखीच दिसते. इकडं उसाला पाण्याची पाळी चुकते, आणि नव्या केबलला मी जे मोजतो त्यापेक्षा कितीतरी कमी आपल्या हाती पडतं. या व्यवहारात माझ्याइतकंच आपलंही नुकसान आहे, हे आपल्या लक्षात कसं येत नाही?

सरकारनंही आपली काळजी घेतली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये एक सोय आहे: चोरीचा माल ५,००० रुपयांच्या आतला, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. म्हणून सल्ला देतो, केबलीचा तुकडा बेतानं तोडत जा. कयाकला हात लावलात तर ही सवलत गेलीच म्हणून समजा. सेवा कोणती द्यावी हे कोर्ट ठरवेल, पण बंधाऱ्याचे बरगे घालायला दरवर्षी माणसं लागतात. फक्त बरगेही लोखंडाचे असतात, तेव्हा काम संपल्यावर मोजून घ्यावे लागतील.

त्याच संहितेत कलम ३१७ आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतची कैद. ते आपल्यासाठी नाही, काट्यावर आपलं तांबं वजन करून घेणाऱ्यासाठी आहे. काळपट जळलेली, करवतीनं न कापता तोडलेली, पहाटे पोत्यातून आलेली तार बघून ती कुठली हे त्याला कळत नसेल, तर इतकी वर्षं भंगाराचा धंदा त्यानं केला कसा? त्यानं पावती आणि नाव-पत्ता मागायला सुरुवात केली की माझी केबल कयाकइतकीच निरुपयोगी होईल, आणि मला कुलूप घ्यावं लागणार नाही. म्हणून पुढच्या खेपेस तिकडं गेलात की हे पत्र त्याला वाचून दाखवा. माझ्यासारख्या गिऱ्हाईक नसलेल्या माणसाशी तो बोलत नाही.

आपला,
पुन्हा नवी केबल घेऊन आलेला
एक ऊसवाला

ता. क. तरीही कुणाला हौस आलीच, तर होडीचं वल्हं गाडीत नसतं, भाचा ते उशाला घेऊन झोपतो. वल्ह्याशिवाय पाण्यात उतरलात तर वेदगंगा आपल्याला कर्नाटकात नेऊन दूधगंगेच्या हवाली करेल, ती पुढं कृष्णेच्या. मग तक्रार कुठल्या राज्यात नोंदवायची, यावर मला आणि भाच्याला दोन्हीकडचे साहेब हेलपाटे घालायला लावतील. तेवढा त्रास नको.