काढून टाकणारे नाना

बिघडलेली वस्तू समोर आली की माणसांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, यात काहीतरी कमी आहे, आणून बसवू. दुसरा म्हणतो, यात काहीतरी जास्त आहे, काढून टाकू. आमचे नाना दुसऱ्या तटाचे सरसेनापती.

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत त्यांनी आजवर काढून टाकलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं म्हटलं तर गच्ची पुरायची नाही. सायकलचं चेनकव्हर (खडखड करतं), फ्रिजचा स्टॅबिलायझर (फुकट वीज खातो), बेसिनची जाळी (पाणी तुंबतं), वायफायच्या राउटरवरची स्टिकरं (आत उष्णता कोंडते). चेनकव्हर गेल्यावर नानांच्या लेंग्याचा पाय साखळीत अडकला. नानांनी चेनकव्हर परत लावलं नाही, बर्म्युडा घालायला लागले. लेंगाही काढून टाकला, असं तळमजल्यावरचे अप्पा म्हणतात. पण ते सोसायटीच्या निवडणुकीपासून विरोधी पक्षात आहेत, त्यांचं फार मनावर घ्यायचं नाही.

नाना सरकारी बँकेत होते. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा त्यांनी अर्ज टाकला आणि बाहेर पडले. ‘पुष्कळांना वाटतं बँकेने मला काढलं,’ ते सांगतात. ‘मी बँकेला काढून टाकली.’ पुढे एमएस-सीआयटीचा कोर्स केला, लॅमिंग्टन रोडला चकरा मारून जुने सुटे भाग आणले, आणि बघता बघता सोसायटीचे संगणकवैद्य झाले. फी नाही. चहा लागतो, तोही बिनसाखरेचा. साखर त्यांनी १९९८ सालीच काढून टाकली आहे.

त्यांच्या कीर्तीचा पाया मात्र बँकेतलाच. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या विषाणूने ठिकठिकाणचे संगणक आडवे केले. चेर्नोबिलच्या अपघाताची तीच तारीख, म्हणून लोक त्याला चेर्नोबिलही म्हणत. हा विषाणू हार्ड डिस्कवर कचरा लिहून ठेवायचाच, शिवाय काही संगणकांत बायोसची चिपही खराब करायचा, मग तो संगणक सुरूच होत नसे. माहीतगार लोकांनी संगणकाची तारीख एक दिवस पुढे सरकवली. नाना सकाळी शाखेत पोचले आणि त्यांनी सगळ्या वायरी भिंतीतून उपटल्या. ‘माझ्या शाखेत एक मशीन गेलं नाही,’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्यातला स्वल्पविराम कुठे येतो तेही पाठ आहे. त्या दिवशी शाखेत काम काय झालं, हा प्रश्न विचारायचा नसतो.

एवढा विषाणूंशी लढलेला माणूस अँटीव्हायरसच्या बाजूचा असेल, असं कुणालाही वाटेल. छे! नानांचा खरा राग आहे तो अँटीव्हायरसवर. ‘चोर वर्षातून एकदा येतो. हा राखणदार रोज बसून जेवतो,’ असं त्यांचं म्हणणं. आणि इथे मला थोडी नानांची बाजू घ्यावीशी वाटते. उघडलेली प्रत्येक फाइल आधी आपण वाचायची, हा अँटीव्हायरसचा खाक्या. जुनी फिरती हार्ड डिस्क आणि जेमतेम रॅम असलेल्या संगणकावर ते जाणवतंच. त्यात लॅपटॉपबरोबर फुकट आलेली, मुदत संपलेली प्रत असली तर दर तासाला कोपऱ्यातून लाल चौकट उगवते, ‘तुम्ही धोक्यात आहात’. शिवाय २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आतच बसवलेला असतो, आणि दुसरं अँटीव्हायरस निघालं की तो आपोआप कामाला लागतो. तेव्हा काढायला हरकत नसतेच. हरकत असते ती नानांनी काढायला.

एक अपवाद नोंदवून ठेवतो. कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून भावाच्या साथीने उभं केलेलं क्विक हील नाना काढत नाहीत. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा तर त्यांनी पेढे वाटले होते. तिथे त्यांचा मराठी बाणा तत्त्वज्ञानाला आडवा येतो. बाकी कुठल्याही देशाचं आणा, नाना ते दहा मिनिटांत घालवतात.

तर पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा लॅपटॉप. त्यातलं अँटीव्हायरस कुठलं होतं ते सांगत नाही. काकूंचा मुलगा अमेरिकेत, दर रविवारी संध्याकाळी तो नातवाला घेऊन पडद्यावर येतो. फोनवर नातू एवढुसा दिसतो म्हणून काकूंना लॅपटॉपच लागतो. रविवारी दुपारी त्यांनी नुसतं विचारलं, ‘अहो नाना, हे फार हळू चालतंय हो.’ नाना खुर्ची ओढून बसले. मी शेजारी होतो, म्हणजे चहाला होतो.

काढताना नानांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते बघण्यासारखं असतं. ‘काढा’ म्हटल्यावर कार्यक्रम विनवायला लागतो. नक्की काढायचं का? तुमचा संगणक असुरक्षित होईल. ‘राहू द्या’ हे बटण मोठं, हिरवंगार. ‘काढा’ खाली कोपऱ्यात, फिकट राखाडी. नाना चष्मा कपाळावर ढकलून ते राखाडी बटण शोधतात आणि सापडलं की विजयी मुद्रेने आपल्याकडे बघतात. शेवटी संगणक बंद करून सुरू करायला सांगतो. नानांनी केला. सुरू झाल्यावर ‘आपण आम्हाला का सोडून गेलात’ असं विचारणारं कंपनीचं पान उघडायला लागलं. लागलं, आणि उघडेना.

नेट गेलं होतं.

वायफायचे पट्टे पूर्ण, पण शेजारी पिवळा त्रिकोण. नानांनी ताबडतोब निदान केलं, ‘केबलवाल्याची लाइन गेली.’ केबलवाल्याचा पोरगा आला, त्याने खिशातला फोन काढला, त्याच वायफायवर क्रिकेटची मॅच लावली आणि उभ्या उभ्या एक षटक बघितलं. ‘काका, नेट चालूए,’ तो म्हणाला. नाना म्हणाले, ‘फोनला चालतं, कारण फोनमध्ये अँटीव्हायरस नाही.’ पोराने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं.

‘मग घाला ते परत,’ काकू म्हणाल्या. सरळ गोष्ट. पण परत घालायचं तर उतरवून घ्यायला नेट हवं, आणि नेट तर नव्हतं. संगणक सकाळच्या स्थितीला नेऊ म्हटलं, तर त्यासाठी लागणारे रिस्टोर पॉइंट नानांनी मागच्या दिवाळीतच काढून टाकले होते. डिस्कवर जागा अडवतात म्हणून.

आता नानांना सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ नावाचं बटण सापडलं. विंडोज १० मध्ये २०१६ पासून ते आहे. ते दाबलं की संगणक आपली नेटवर्कची सगळी कार्डं उपटतो, पुन्हा बसवतो आणि शिकलेलं सगळं विसरतो. उपटतो आणि विसरतो, एवढं वाचल्यावर नाना थांबणार कशाला? दाबलं. संगणक उठला तो वायफायचा पासवर्ड विसरून. पासवर्ड राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. स्टिकर कुठे गेलं होतं ते वर सांगितलंच आहे. काकूंनीच शेवटी कालनिर्णयची पानं उलटली. मार्चच्या मागे दुधाच्या हिशेबाखाली त्यांनी तो पासवर्ड पेन्सिलने लिहून ठेवला होता. घरात एक तरी माणूस काहीही काढून न टाकणारं असावं लागतं.

पासवर्ड घातला. पट्टे पूर्ण. त्रिकोण तसाच.

मग दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आली. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘आजोबा, जरा बघू?’ म्हणाली. नानांना नाना चालतं, आजोबा चालत नाही, पण ते सरकले. तिने काळी खिडकी उघडून ‘पिंग ८.८.८.८’ टाइप केलं, उत्तरं टपाटप आली. ‘म्हणजे लाइन शाबूत आहे,’ ती म्हणाली, ‘पान उघडत नाही, कारण वाटेत कुणीतरी बसलंय.’ प्रॉक्सी तपासली. काही अँटीव्हायरस सगळी ये-जा स्वतःतून नेण्यासाठी तिथे १२७.०.०.१ हा पत्ता घालतात. हा पत्ता संगणकाचा स्वतःचाच. अँटीव्हायरस गेलं आणि पत्ता राहिला, तर ब्राउझर आपल्याच घरात हाका मारत बसतो. इथे तसं नव्हतं. मग तिने ‘नेटश विन्सॉक रीसेट’ ही आज्ञा दिली. नानांनी ती आधीच दिली होती, पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून खिडकी न उघडता, त्यामुळे संगणकाने त्यांना परवानगीच दिली नव्हती. नानांनी ते इंग्रजी वाक्य ‘झालं’ असं वाचलं होतं.

या आज्ञेमागचं प्रकरण तिने नानांना समजावलं, आणि मला ते नानांच्या आधी समजलं याचा थोडा आनंद झाला. जुन्या विंडोजमध्ये इंटरनेटवर जाणारा मजकूर विन्सॉक नावाच्या यंत्रणेतून जायचा. विहिरीपासून आगीपर्यंत बादल्या हातोहात देणाऱ्या माणसांची रांग असते तशी. अँटीव्हायरस त्या रांगेच्या मध्ये उभं राहायचं, प्रत्येक बादलीत डोकावून पुढे द्यायचं. ते नीट न निघता गेलं, की जागा रिकामी, पण हुकूम तसाच, की बादली त्याच्याच हातात द्या. मग बादली तिथेच सांडते. एक्सपीच्या काळात हा प्रकार इतका व्हायचा की लोक रांग जुळवून देणारे छोटे कार्यक्रम फ्लॉपीवर घेऊन हिंडायचे. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही रांग पहिल्यासारखी करणारी आज्ञाच दिली. विंडोज व्हिस्टापासून अँटीव्हायरसना डोकावायला वेगळी, सरकारी खिडकी मिळाली. पण तिथेही त्यांचे फिल्टर मागे राहू शकतातच.

संगणक पुन्हा सुरू झाला. तरी नाही. मग तिने वायफाय कार्डाची प्रॉपर्टीज उघडली. एकाखाली एक टिकमार्क केलेल्या नावांची यादी, आणि मधोमध त्या निघून गेलेल्या अँटीव्हायरसच्या फिल्टरचं नाव, टिकमार्कसकट. मालक दुपारीच गेला होता, त्याची पाटी कुणी उतरवली नव्हती. तिने ते निवडलं आणि कर्सर ‘अनइन्स्टॉल’वर नेला.

‘थांब,’ नाना म्हणाले. ‘मी काढतो.’

आणि काढलं. पुढे तिने फोनवर त्या कंपनीचं रिमूव्हर उतरवलं, केबलने लॅपटॉपवर घातलं, आणि सेफ मोडमध्ये चालवून उरलासुरला गाळ साफ केला. जवळजवळ प्रत्येक अँटीव्हायरस कंपनी असं एक झाडू-पोछ्याचं साधन स्वतःच फुकट देते. नेहमीच्या काढण्याने आपण पूर्ण निघत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला नातू पडद्यावर आला. काकू नातवाशी बोलत होत्या आणि मागून नाना मुलीला सांगत होते, ‘बघ, मी म्हणत होतो ना? शेवटी काढूनच टाकावं लागलं.’

यावर उत्तर नाही. मी ते बरेच दिवस शोधलं. नानांचं निदान बरोबर होतं, औषधही बरोबर होतं, फक्त अर्ध्या मात्रेत दिलेलं होतं, आणि उरलेल्या मात्रेसाठी सबंध दुपार, एक केबलवाला, एक इंजिनीअर आणि कालनिर्णयचा मार्च खर्ची पडला. आता नानांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेन ड्राइव्ह असतो. त्यात सगळ्या कंपन्यांची रिमूव्हरं आहेत, क्विक हील सोडून. रविवारी दुपारी ते जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, ‘काय, स्लो चालतोय का?’

त्यांना बोलवायला माझी हरकत नाही, माणूस मायाळू आहे. फक्त त्याआधी रिस्टोर पॉइंट करून घ्या, वायफायचा पासवर्ड दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवा, आणि नाना हात धुवायला गेले की राउटर उचलून कपाटात ठेवा.