आतली बाजू

परवा एका लग्नात आहेर द्यायला मामा स्टेजवर गेले. नवरदेवाच्या शेरवानीची कड अंगठ्याने उलटी करून पाहिली, "नुसतं इंटरलॉक मारलंय" म्हणाले, आणि खाली उतरले. पाकीट खिशातच राहिलं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मामांना गडांचं वेड लागलं. त्यासाठी सॅक हवी होती. दुकानातली एकही पटेना, कारण मामा प्रत्येक सॅकची आतली बाजू बाहेर काढून बघत. शेवटी त्यांनी मामींच्या पायमशीनचा ताबा घेतला. रविवार पेठेतून कॉर्डुरा, पट्टे आणि बकलं आली. मामींनी सुती दोऱ्याचं रीळ पुढे केलं तर म्हणाले, "पावसात कुजला तर दरीतून पिशवी आणायला तू जाणार?" दोरा पॉलिएस्टरचाच, सुई 18 नंबरची आणि टाका 3 मिलिमीटरचा. फार बारीक टाके घातले की कापडाचं पोस्टाचं तिकीट होतं म्हणे, ओढलं की त्याच रेषेवर फाटतं. तीस वर्षं ब्लाउज शिवलेल्या मामी हे निमूटपणे ऐकत होत्या.

पुढचा महिना घरात फक्त शिवण. एक कड दुसरीत दुमडून वरून पुन्हा टीप, म्हणजे आत सुटा धागा दिसायला नको. उरलेल्या कडांना गोट. पट्टा जोडला तिथे चौकोन आणि चौकोनात फुली. टाचण्यांना बंदी, कोटिंगच्या कापडात पडलेलं भोक बुजत नाही. म्हणून दोरीवरचे सगळे चिमटे मशीनवर गेले आणि आमचे टॉवेल शेजारच्यांच्या आंब्यावर. चांगली शिवण कशी नसते हे समजावताना वरच्या मजल्यावरच्या पोराचं दप्तर उलटं केलं, पुस्तकं जिन्यात.

सॅक झाली. वीस किलो तांदूळ भरून रात्रभर खुंटीला टांगली. सकाळी खुंटी भिंतीतून निघून खाली आली होती. शिवण शाबूत.

मग मामांनी ती पाठीवर घेतली. डावा पट्टा दोन इंच आखूड.

"उसवा की," मामी म्हणाल्या.

"उसवू? भोकं राहतील!"

त्यानंतर मामा राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड करून आले. सॅकचा एक टाका सुटलेला नाही. मामा मात्र आता भाजी आणायला जातानाही डावा खांदा पाडूनच चालतात.