आदेश दाखवा

फोनवर एखादं पान उघडायला जावं आणि पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी याव्यात: भारत सरकारच्या दूरसंचार विभागाच्या सूचनेवरून हा पत्ता रोखला आहे, अधिक माहितीसाठी ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. कुठला ॲडमिनिस्ट्रेटर? नाव नाही, नंबर नाही. आदेशाचा जावक क्रमांक नाही, तारीख नाही. पाणीपट्टी थकली म्हणून नगरपालिका नळ तोडायला येते तेव्हा तिच्याही नोटिशीवर सही-शिक्का असतो.

माझा सगळा राग या न दिसणाऱ्या कागदावर आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'विकटन'चं काय झालं ते बघा. १९२६ पासून चालत आलेलं हे तमिळ प्रकाशन. अमेरिकेने भारतीयांना बेड्या घालून परत पाठवलं, त्या दिवसांत त्यांच्या डिजिटल अंकात एक व्यंगचित्र आलं. ट्रम्प यांच्या शेजारी बेड्यांमध्ये बसलेले पंतप्रधान. चित्र कुणाला आवडेल, कुणाला झोंबेल. तमिळनाडूतल्या भाजपच्या नेत्यांनी तक्रार केली आणि १५ फेब्रुवारीला ठिकठिकाणच्या वाचकांना 'विकटन'ची साइटच उघडेना. एका चित्रापायी बातम्या, लेख, सगळंच बंद. आपल्याला सरकारकडून काहीही कळवलेलं नाही, असं खुद्द 'विकटन'ने सांगितलं. सुनावणीची नोटीस नंतर आली. आधी कुलूप, मग नोटीस. साइट पुन्हा उघडायला मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, आणि तेही 'विकटन'ने ते चित्र तूर्त उतरवायचं या अटीवर.

हे सारं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली चालतं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं त्यात मोजून दिली आहेत आणि कारण लेखी नोंदवलं पाहिजे, असंही कलमातच आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम टिकवलं. कारण लेखी असेल तर माणूस त्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकतो, हा त्यातला एक आधार होता. पण याच कलमाखालच्या २००९ च्या नियमावलीत सोळावा नियम आहे: तक्रारी आणि त्यांवरची कारवाई कडक गोपनीय ठेवावी. म्हणजे कारण लिहायचं आणि ते कपाटात ठेवायचं. ज्याचा मजकूर उडाला त्याने कोर्टात न्यायचं काय? फोनच्या पडद्याचा फोटो?

कागद हातात असला की काय होतं, ते आपल्या पालघरने दाखवलंय. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बंद होता. एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, हा बंद कशासाठी? दुसरीने ती पोस्ट लाइक केली. दोघीही विशी-एकविशीच्या. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचं हॉस्पिटल फोडलं गेलं. घडलं ते संतापजनकच होतं. पण त्या अटकेमागे एफआयआर होता, त्यात कलमं होती, त्यांत ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारं, त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं. दिल्लीतली श्रेया सिंघल ही तरुणी तेच कलम धरून सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झालं. मुलींवर अन्याय करणारा कागदच त्या कलमाच्या मुळावर आला. कागदच नसता, दोघींची पोस्ट गुपचूप नाहीशी झाली असती, तर ६६-अ आजही आपल्या डोक्यावर असतं.

त्याआधी चाळीस वर्षं 'सखाराम बाइंडर'चंही असंच झालं. नाटकं तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाला हे नाटक सोसेना. पण कुठलं वाक्य कापायचं, कुठला प्रसंग गाळायचा, हे मंडळाला सांगावं लागलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग ते आक्षेप घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले, जिंकले आणि नाटक पुन्हा रंगमंचावर आलं. मला ते मंडळ अजिबात नको होतं. तरी त्या सेन्सॉरला चेहरा होता, त्याच्याशी भांडता येत होतं.

मग काहीच काढू नये का? राईनपाडा विसरून मी हे लिहीत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर दिवसेंदिवस फिरत होत्या. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. असा मजकूर तासाभरात उतरला पाहिजे. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रफीत तर त्याहून आधी. यावर माझं दुमत नाही. पण राईनपाड्याला नेणारी अफवा या फोनवरून त्या फोनवर, बंद ग्रुपांतून गेली. साइट रोखण्याचा आदेश तिथे काय करणार? तिथे हवी होती दवंडी, गावात फिरणारा पोलीस, बाजारात उभं राहून ‘हे खोटं आहे’ असं ओरडून सांगणारा तलाठी. व्यंगचित्रावर सरकारचा हात चटकन पडतो. पाच माणसं मारली जात असताना तिथे कुणी वेळेत पोचत नाही.

शिवाय खरं-खोटं ठरवायचं कुणी? केंद्र सरकारच्या कामाबद्दलचा मजकूर खोटा आहे की नाही, हे सरकारच्याच कक्षाने ठरवावं असा नियम २०२३ मध्ये आला होता. विनोदकार कुणाल कामरा आणि इतर त्याविरुद्ध कोर्टात गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. तोही पडला, कारण तो राजपत्रात छापलेला होता, सगळ्यांना वाचता येत होता.

म्हणून मागणी एवढीच आहे. सोळावा नियम काढा. ज्याचा मजकूर रोखला त्याला त्याच दिवशी आदेशाची प्रत द्या, कारणासकट, सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यासकट. रोखलेल्या पत्त्यांची यादी लोकांसमोर ठेवा. एखाद्या प्रकरणात खरोखरच गुप्तता लागत असेल तर ते न्यायाधीशाला पटवून द्या आणि किती दिवसांसाठी तेही सांगा. आणि फोनच्या त्या पांढऱ्या पडद्यावर ॲडमिनिस्ट्रेटरच्या जागी आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहा.