वाचलं का?

नवरात्र संपून बोनसची कुजबुज सुरू झाली की मला वाचनाची उबळ येते. अशाच एका ऑक्टोबरात, घामानं निथळत, मी डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या एका पुस्तकांच्या दुकानात शिरलो. दुकान एवढं अरुंद की आतलं गिऱ्हाईक बाहेर आल्याशिवाय बाहेरच्याला आत जाता येत नाही. मालकांना सगळे काका म्हणतात.

"काका, नवीन काय आलंय?"

काकांनी वरच्या फळीवरून एक बारीकसं पुस्तक ओढलं, सदऱ्याच्या बाहीला दोन्ही बाजूंनी पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'.

"अहो, हे १९३९चं आहे!"

"वाचलंय?"

"नाही."

"मग तुम्हाला नवीनच की."

यावर काय बोलणार? घेतलं. घरी ते उशाशी असलेल्या ढिगाच्या डोक्यावर ठेवलं. त्या ढिगात तळाला नेमाड्यांची 'हिंदू' आहे, २०१० साली हौसेनं घेतलेली. तिच्या नावात 'जगण्याची समृद्ध अडगळ' असं आहे. हिनं त्यातलं 'जगण्याची' आणि 'समृद्ध' गाळून उरलेला शब्द अख्ख्या ढिगाला लावला आहे.

मोबाइलवरचं दुकानही पुस्तकं सुचवतं म्हणा. मी एकदा कुकरची रिंग मागवली, तेव्हापासून ते मला पाककृतींची पुस्तकं दाखवतंय. पण त्याच्यात एक थोर गुण आहे. ते 'वाचलं का?' असं कधी विचारत नाही.

काका विचारतात. संध्याकाळी लोकलमधून उतरून घरी जायचा माझा रस्ता नेमका त्यांच्या दारावरून. पहिल्या आठवड्यात "सुरू करतोय" चाललं. दुसऱ्या आठवड्यात "ऑफिसात क्लोजिंग आहे" सांगितलं. ऑक्टोबरात कसलं क्लोजिंग, हे विचारण्याचा सभ्यपणा त्यांनी दाखवला नाही. नुसतं चष्म्यावरून पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात मी स्टेशनवर पश्चिमेला उतरू लागलो आणि रिक्षानं पुलाचा वळसा घालून पूर्वेला घरी येऊ लागलो. रिक्षावर गेलेल्या पैशांत बेडेकर दोनदा विकत आले असते.

दिवाळी मात्र चुकवता येत नाही. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान उरकून अख्खी डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर उतरते. तरुण पोरं एकमेकांना बघायला, आम्ही गणपतीला. गर्दी अशी की आपण चालायचं नसतं, नुसतं वाहायचं. वाहत वाहत मी थेट काकांच्या टेबलाला लागलो. टेबलावर दिवाळी अंकांची चळत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर साहित्यही खातो. आमच्या लहानपणी घरात वडिलांसाठी 'मौज' यायचा आणि वडिलांसाठीच 'आवाज'ही यायचा. त्यातल्या खिडक्यांची चित्रं आम्ही ते आंघोळीला गेल्यावर उघडून बघायचो. वरून भलतंच काहीतरी वाटायचं आणि खिडकी उघडली की आत अगदी साधंसुधं निघायचं. दरवर्षी फसायचो.

"शुभ दीपावली," काका म्हणाले. "वाचलं का?"

अंगावर नवा कुर्ता होता, कानामागे अत्तर होतं, बाजूला ही उभी होती. नाही म्हणवेना.

"वाचलं तर! काय जबरदस्त! लढाईची वर्णनं तर अशी, की अंगावर काटा आला!"

काका काही बोलले नाहीत. हातातल्या फडक्यानं एका अंकावरची धूळ झटकली. नसलेली.

"ती बोटीवर घडते," ते हळूच म्हणाले. "युरोपातून परत येणारा आपला एक मराठी माणूस आणि हिटलरच्या जर्मनीतून निघालेली ज्यू मुलगी. पहिल्या काही पानांतच कळतं."

हिनं माझ्याकडे पाहिलं. मग काकांकडे. मग पुन्हा माझ्याकडे, पण या वेळी जरा जास्त वेळ.

काकांनी चळतीतून एक अंक उपसला, कागदी पिशवीत घातला आणि पिशवी माझ्याकडे न देता हिच्या हातात दिली.

"'आवाज' आहे. खिडक्या उघडून बघायच्या असतात. एवढं जमेल त्यांना."